दमली असेल!

संपादक साहेब, बाईने सोसायचं असतं हे इतकं अंगात भिनलंय की माझी बहीण जबडा दुखतोय, मळमळतंय, दम लागतोय तरी सगळ्यांची ताटं वाढून, भांडी आवरून मगच आडवी झाली, म्हणे ॲसिडिटी असेल. तो हार्ट अटॅक होता! बायकांना छातीत कळ न येताही तो येऊ शकतो, पण घरचे म्हणतात दमली असेल आणि कधीकधी डॉक्टरही टेन्शन म्हणून सोडून देतात. ॲनिमियाचंही तेच: बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे अंगात रक्त कमी, तरी चक्कर आली की 'नीट जेवत नाहीस' हे वर ऐकायचं, अहो पण शेवटी उरलंसुरलं कोण खातं? बहीण आता बरी आहे, पण शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं काय, तर घरी स्वयंपाक कोण बघतंय.

- एक वाचक