लसीच्या दिवशीच ड्रॉपचा डोस बदलून द्या

संपादक साहेब, नमस्कार. कमी दिवसाच्या बाळांच्या बातम्या येतात त्या लेकरू दगावलं की मगच येतात, पण काचेच्या पेटीतून वाचून घरी आलेल्या लेकराचं पुढं काय होतं ते कोणी विचारत नाही म्हणून लिहितोय.

हाडातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि लोहाचा साठा पोटात जास्त करून शेवटच्या तीन महिन्यातच भरतो. सातव्या महिन्यात झालेलं पोरगं तो न घेताच येतं. आईचं दूध त्याला सगळ्यात चांगलंच, पण दीड किलोच्या आतल्या बाळाला त्यातून हे पुरत नाही म्हणून वरून ड्रॉप लागतात (ड्रॉप दिले म्हणजे दूध वाईट असं समजून आमच्याकडे लोक सरळ पावडरचा डबा आणतात, ते वेगळंच!). जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशा बाळाला लोह दर किलो वजनाला रोज २ ते ४ मिलिग्रॅम, बाळ दोन आठवड्यांचं झाल्यापासून ६ महिन्यांपर्यंत.

किलोला म्हणजे वजन वाढलं की डोस पण वाढला पाहिजे ना भो. इथंच सगळं घोडं अडतं. माझ्या भाचीच्या मुलाच्या सुटीच्या कार्डावर नुसतं "आयर्न ड्रॉप अर्धा मिली" लिहिलेलं, मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तिची ताकद (एका मिलीत लोह किती ते) वेगळी, पोरगं १४०० ग्रॅमचं २८०० झालं तरी डोस तोच, त्यात शी काळी झाली म्हणून आजीने बंदच करून टाकलं आणि बाळघुटी सुरू. लोहाने शी काळी होते, घाबरायचं नसतं, एवढं कोणी सांगितलं असतं तर!

आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, पुढची भेट डायरेक्ट तिसऱ्या महिन्यात. पण ६, १० आणि १४ आठवड्याला लस तर असतेच, मग त्याच दिवशी काटा करून डॉक्टरांनी नवीन डोस कार्डावर मिलिमध्ये, बाटलीच्या ताकदीसकट लिहून द्यावा, याला वेगळा पैसा लागत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडची माणसं कामाला गुजरातेत जातात त्यांना तर ते कार्डच तिथल्या डॉक्टरला दाखवता येईल.

तुमच्या वार्ताहरांनी एकदा धुळे, नंदुरबार, जळगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लोहाचे आणि कॅल्शियम-फॉस्फरसचे ड्रॉप शिल्लक आहेत का ते बघून छापावं ही विनंती.

– एक वाचक, शहादा