बाई, शकुनातल्या पक्ष्यासाठी

आदरणीय बाई,
सा. न.

माझ्या पुस्तकात तुम्ही तुमचं नाव छापू दिलं नाहीत, म्हणून हे उघड पत्र.

रोमच्या इतिहासाचं माझं भाषांतर एकाच इंग्रजी शब्दापाशी अडलं होतं: ऑस्पिसेस. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने आपल्या कारकिर्दीचा जो लेख मागे ठेवला, त्यात तो म्हणतो की काही विजय मी मिळवले, काही माझ्या सरदारांनी माझ्या 'ऑस्पिसेस'खाली. मी 'आशीर्वादाने' लिहिलं. मग निमंत्रणपत्रिकेतलं 'यांच्या विद्यमाने' लावून पाहिलं. कशानेच समाधान होईना.

फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत, "अगं, शब्द फोडून पाहिलास का?" लॅटिनमध्ये 'आविस' म्हणजे पक्षी, 'स्पेकेरे' म्हणजे पाहणं. पक्षी पाहून देवांचा कौल घ्यायचा, ते 'आउस्पिकियुम'. आणि पुढे म्हणालात, "आपलं तरी काय वेगळं? संस्कृतात शकुन म्हणजे पक्षीसुद्धा." ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातली शेवटची दोन सूक्तं तुम्ही वाचून दाखवलीत, त्या शकुनाची. भारद्वाज दिसला की माझी आजी हात जोडायची. जन्मभर मी शकुन-अपशकुन म्हणत आले, पण त्या शब्दात पक्षी बसलाय हे मला कधी दिसलं नव्हतं.

कोंबड्यांची गोष्टही तुमचीच. रोमन सैन्य पवित्र कोंबड्या सोबत नेई. त्या दाण्यांवर तुटून पडल्या की शकुन उत्तम. इ.स.पू. 249 मध्ये सिसिलीतल्या द्रेपानाजवळ त्या दाण्यांना शिवेनात. सेनापती क्लॉडियस पुल्खर म्हणाला, खात नाहीत तर पिऊ देत, आणि त्यांना समुद्रात फेकलं, अशी कथा आहे. लढाईत त्याच्या आरमाराचा धुव्वा उडाला, हे मात्र इतिहासात नोंदलेलं आहे.

पण माझी गाठ सुटली ती तुमच्या पुढच्या वाक्याने: "शकुन कोणीही पाहील, राज्यासाठी तो घ्यायचा हक्क कोणाचा, ते बघ." तो हक्क वरिष्ठ अधिकाऱ्याचा. हाताखालचा सरदार लढे तो वरिष्ठाच्या शकुनावर, म्हणून विजयाचा मानही वरिष्ठाचाच. 'ऑस्पिसेस'ला आश्रयाचा, छत्राचा अर्थ आला तो इथूनच.

आता माझ्या पानावर ऑगस्टस म्हणतो, "सरदार लढले, शकुन माझा होता." बाई, हे वाक्य तुमचं आहे.

आपली विद्यार्थिनी