क्लच सुटला, काका

काका,

पहिल्या संध्याकाळी तुम्ही माझ्या हातातला गंज सोडवायच्या तेलाचा डबा काढून घेतलात, तिथून सुरुवात करते. त्याची नळी मी क्लच हाऊसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या कवचाच्या, भोकात घालणारच होते. तुम्ही म्हणालात, "अगं थांब. क्लच प्लेटचं अस्तर ते तेल पिऊन टाकेल. चिकटलेली सुटेल कदाचित, पण मग धरणार नाही." तो डबा रिकामा झाला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

हे तुम्हाला घरी येऊनही सांगता आलं असतं. पण माझ्या जुन्या फोर-व्हील गाडीसारखी, क्लच गंजून चिकटलेली गाडी उभी करून ठेवलेले आणि आता काय करावं या विचारात असलेले पुष्कळ जण असतील. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं, म्हणून उघडं पत्र.

सात पावसाळे ती गाडी एका जागी उभी होती. दारांच्या खालच्या कडा बोटाने तुटत होत्या. चासीला स्क्रू ड्रायव्हर टोचला की गंजाचे पापुद्रे निघायचे. इंजिन मात्र नवी बॅटरी लावल्यावर चौथ्या सेल्फला लागलं आणि मी आनंदाने ओरडले. तो आनंद दोन मिनिटं टिकला. क्लच दाबून पहिला टाकायला गेले, तर गिअर नुसता करकरला. इंजिन बंद असताना सगळे गिअर गुमान पडत होते, चालू केलं की एकही पडेना. गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबून गाडी ढकलून पाहिली, तर जागची हलली नाही. म्हणजे क्लच दाबूनही इंजिन चाकांपासून सुटत नव्हतं.

ज्याला विचारावं तो म्हणे, गिअरबॉक्स उतरवा. एकाने तर सांगितलं की मागची चाकं जॅकवर उचला, गिअरमध्ये इंजिन चालू करा, चाकं फिरू द्या आणि गाडी धाडकन खाली सोडा. हे ऐकून तुमचा चेहरा बदलला तो मला अजून आठवतो. "ही चासी जॅकवर साधी उभी राहील की नाही याची खात्री नाही, आणि म्हणे धाडकन सोडा!" तुम्ही स्वतः गाडीखाली गेलात तेव्हासुद्धा घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू, चासीखाली लावल्या नाहीत, अॅक्सलच्या जाड नळीखाली लावल्यात. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले, गाडी हाताने हलवून पाहिली, आणि मग आत सरकलात.

मला वाटलं होतं की आता पाने बाहेर निघतील. तुम्ही नुसतं म्हणालात, "दाब." मी दाबलं. "सोड. दाब. सोड." अर्धा तास हेच. पेडलचा दाब पुढे नेणाऱ्या मास्टर सिलिंडरमधलं तेल काळपट तपकिरी झालं होतं. ते बदललंत, एअर काढलीत आणि मग क्लचजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचा रॉड किती सरकतो ते पट्टीने मोजलंत. जवळजवळ दीड सेंटीमीटर. "म्हणजे तुझा पाय फोर्कपर्यंत, क्लच दाबणाऱ्या दांड्यापर्यंत, पोचतोय. दोष पुढे आहे." त्या घटकेपर्यंत मी सिलिंडर, फोर्क, बेअरिंग, प्लेट सगळं नवं घ्यायची यादी करून बसले होते. त्यातली निम्मी यादी तुम्ही एका पट्टीने खोडलीत.

मग हाऊसिंगच्या खालचं पत्र्याचं झाकण उघडलंत. आतली राखाडी धूळ फुंकू दिली नाहीत. जुन्या प्लेटांच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही, असं सांगून ओल्या फडक्याने पुसून घेतलंत आणि मलाही मास्क लावायला लावलात. नंतर टॉर्च माझ्या हातात दिलात. पेडल दाबून ठेवलं होतं. क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, दाबून धरणारी प्रेशर प्लेट मागे सरलेली स्पष्ट दिसत होती, तिच्या आणि क्लच प्लेटच्या मध्ये एक मिलिमीटरच्या आसपास फट होती. दुसऱ्या बाजूला, प्लेट आणि फ्लायव्हीलमध्ये, फट मोजायच्या तुमच्या फिलर गेजचं सगळ्यात पातळ पातंसुद्धा शिरेना. हँडलने इंजिन थोडं थोडं फिरवून तुम्ही मला पूर्ण घेर दाखवलात. सगळीकडे तेच. ओलीत राहून फ्लायव्हीलचं बीड (ओतीव लोखंड) गंजलं होतं आणि त्या गंजाने अस्तर धरून ठेवलं होतं. क्लच मोडला नव्हता, फक्त चिकटला होता. काय बिघडलंय ते डोळ्यांनी दिसलं आणि माझी निम्मी भीती तिथेच गेली.

पेडल आणि सीटच्या मध्ये लाकडी पट्टी अडकवून तुम्ही घरी गेलात. "स्प्रिंगचा दाब निघाला, आता धरायला फक्त गंज उरलाय. दोन रात्री राहू दे." दुसऱ्या दिवशी शेडच्या बाहेर, उघड्यावर, इंजिन वीस मिनिटं चालवून तापवायचं, बंद करून निवू द्यायचं, पुन्हा तापवायचं. तापताना बीड आणि अस्तर सारखं फुगत नाही, तेवढ्याने गंजाची पकड ढिली होते. मी सांगितल्याप्रमाणे केलं. पण क्लच काही सुटला नाही.

आता एक कबुली. तिसऱ्या संध्याकाळी तुम्ही क्लचला हातच लावला नाहीत. चारही चाकं काढून ब्रेक बघत बसलात. मी मनात चिडले होते. बिघडलाय क्लच आणि काका ब्रेकमध्ये वेळ घालवतायत! तुम्हाला ते कळलं असावं, कारण न विचारताच म्हणालात, "उद्या ही गाडी गिअरमध्ये सुरू होईल आणि क्लच दाबून थांबणार नाही. मग तुला थांबवणार कोण?" मागचा एक ब्रेक सिलिंडर गळत होता. तो बदलल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असं ठरवून टाकलंत. इंजिन बंद करायची केबलही पाच वेळा ओढायला लावलीत. माझ्या चिडण्याबद्दल माफ करा, काका.

चौथ्या दिवशी मऊ मातीचं मोकळं मैदान, आसपास कुणी नाही. ट्रान्स्फर केस (चारही चाकांना जोर वाटणारी दुसरी गिअरपेटी) लोमध्ये, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त जोराच्या गिअरात, पहिला गिअर टाकलेला, पेडल पूर्ण दाबलेलं, आणि सेल्फ. गाडी आचके देत निघाली आणि इंजिन लागलं. लो कशासाठी, तर सेल्फला गाडी ओढणं सोपं जावं म्हणून. आणि मऊ माती कशासाठी, तर चारही चाकं जोडलेली असताना टणक जमिनीवर शाफ्टांना पीळ बसतो म्हणून. ब्रेक धरतायत याची खात्री करून घेतलीत आणि मगच खरी गोष्ट सांगितलीत. लोमध्ये झटके द्यायचे नाहीत, कारण तिथे इंजिनाचा जोर कितीतरी पटीने वाढून शाफ्टांच्या क्रॉसवर, म्हणजे सांध्यांवर, आणि अॅक्सलवर जातो, आधी तेच तुटायचे. क्लचवर ताण आणायचा तर हायमध्ये, वरच्या गिअरमध्ये यायचं. तिथे ब्रेक इंजिनाला अडवू शकतो आणि ती ओढाताण नेमकी प्लेटवर येते. इतकी वर्षं गाडी चालवून हे कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

किंचित उताराला तोंड करून दुसऱ्या गिअरमध्ये पुन्हा सेल्फ मारला. क्लच दाबलेलाच. थोडी रेस, सोड, ब्रेक. थोडी रेस, सोड, ब्रेक. तुम्ही शेजारी बसून शांतपणे मोजत होतात. सहा झाले, सात झाले. आठव्याला मी जोरात रेस द्यायला गेले, तर तुम्ही गुडघ्यावर हात ठेवलात. "जोर नको, तोच झटका परत दे." अकराव्याला खालून ठक् असा आवाज आला. क्षणभर वाटलं, काहीतरी तुटलं. इंजिन एकदम मोकळं होऊन गरजलं, आणि गाडी आपल्या आपण, हलकी होऊन, उतारावर घरंगळत राहिली. तुम्ही काही बोलला नाहीत. फक्त बोट पुढे करून खुणावलंत की आता तिसरा टाक. तो पडला, आवाज न करता.

त्यानंतरही तुम्ही मला खोटी आशा दिली नाहीत. क्लच हलका घसरवत पाच-सहा वेळा गाडी काढायला लावलीत, म्हणजे प्लेटवरचा गंज घासून निघेल. अस्तराचा तुकडा निघाला असेल तर थरथर जाणार नाही, चढावर क्लच घसरेल आणि मग गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, हे तेव्हाच स्पष्ट सांगितलंत. पहिले आठ दिवस निघताना गाडी थरथरायची. आता नाही. परवा पूर्ण चढ तिसऱ्यावर काढला, कुठेही घसरला नाही.

आता गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर पेडलमध्ये तुमची ती पट्टी असते. पेडलच्या रबराचा ठसा तिच्यावर उमटलाय. झाकणाच्या कडेला नवं पॅकिंग घातलंय, भोकाला रबरी बूच लावलंय, म्हणजे पाणी आत जाणार नाही. हाऊसिंगचे गंजलेले बोल्ट तुम्ही म्हणालात तसे एकेक करून, न घाई करता, बदलायला घेतलेत. दोन झालेत.

तुमचं फिलर गेज माझ्याकडेच राहिलंय. रविवारी सकाळी आणून देते, गाडीनेच येईन. तुमच्या फाटकासमोर चढ आहे, तिथे थांबून पुन्हा निघताना तुम्ही जरा कान देऊन ऐका आणि कसं वाटतं ते सांगा.

तुमची,
समोरच्या शेडमधली