कपड्यांचा स्टँड भंगारात का जातो?

मा. संपादक,

पाऊस तोंडावर आला की कोल्हापुरात लक्ष्मीपुरी, राजारामपुरीतल्या दुकानांबाहेर कपडे वाळत घालायचे घडीचे स्टँड लागतात. गच्ची आणि बाल्कनीसाठी ही सोय उत्तमच. पण यातले कितीतरी स्टँड लवकरच भंगारात जातात, आणि पाइप मोडतो म्हणून नव्हे, तर पाय जोडणाऱ्या पाच मिलीमीटरच्या रिव्हेटपायी, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळीपायी.

दोन पाय कात्रीसारखे जिथे ओलांडतात, तिथे सगळा भार त्या रिव्हेटवर येतो. हाताने पिळलेल्या सुती कपड्यांत जवळपास त्यांच्याच वजनाइतकं पाणी राहतं. म्हणजे पाच किलो धुणं स्टँडवर दहा किलोचं होतं. पाइपचा पत्रा अर्ध्या मिलीमीटर जाडीचा असेल तर रिव्हेटचं भोक हळूहळू लांबट होतं, स्टँड डुलायला लागतो आणि शेवटी एका बाजूला बसतो. त्यात एकाच पंखावर, म्हणजे बाजूला उघडणाऱ्या भागावर, ओली चादर टाकली तर तो उलटणारच. आधी मधल्या दांड्या भराव्यात, मग दोन्ही पंख सारखे.

यावर उपाय स्वस्त आहे. जुना रिव्हेट ड्रिलने काढून भोक साडेसहा मिलीमीटरचं करावं, सहा मिलीमीटरचा स्टेनलेस बोल्ट घालावा, दोन पाइपांच्या मध्ये नायलॉनचा वॉशर आणि शेवटी नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला नट. साधा नट उघडझाप करताना सैल होतो. नट पाय किंचित जड फिरतील इतकाच आवळावा. जास्त आवळला तर पातळ पाइप चेपतो आणि तिथेच तडा जातो. उद्यमनगरातल्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये हे काम उभ्या उभ्या होतं.

दुसरं दुखणं गंजाचं. पावडर कोटिंग पाइपला बाहेरून असतं, आतून लोखंड उघडंच. टोकाचं प्लास्टिकचं बूच उन्हाने तडकलं की पावसाचं पाणी आत शिरतं, पायाच्या तळाशी साचतं आणि पाइप आतून कुजतो. बाहेर रंग शाबूत दिसत असताना पांढऱ्या सदऱ्यावर तांबूस डाग उमटतो तो असा. (त्या डागावर ब्लीच टाकू नये, तो आणखी पक्का होतो. लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवावं.) पायाच्या बुचाला तीन मिलीमीटरचं भोक पाडलं तर पाणी निघून जातं.

‘स्टेनलेस’ म्हणून विकतात त्यातही फरक आहे. २०२ ग्रेडमध्ये निकेल कमी, त्यामुळे आपल्या पावसाळी हवेत तो ३०४ पेक्षा लवकर डागाळतो. अनेकजण लोहचुंबक लावून बघतात, पण हे दोन्ही ग्रेड चुंबकाला सहसा चिकटत नाहीत. चुंबकाने साधं लोखंड ओळखता येतं, एवढंच. वेल्डिंगच्या सांध्याभोवती काळपट पट्टा राहिलेला दिसला तर तो स्टँड घेऊ नये. गंज तिथूनच सुरू होतो.

गच्चीवर मांडताना दांड्या पूर्व-पश्चिम ठेवाव्यात. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेचा. तो कपड्यांच्या मधून निघून जातो, वाळणंही लवकर होतं. आडवा ठेवला तर प्रत्येक चादर शीड होते. वळवाच्या दिवसांत खालची दांडी सुतळीने कठड्याला बांधावीच.

विक्रेत्यांना विनंती आहे की, स्टँडवर तीन गोष्टी लिहाव्यात: स्टीलचा ग्रेड, पाइपच्या पत्र्याची जाडी आणि एका पंखाला किती किलो पेलतं. सोबत बुचं आणि प्लास्टिकचे सांधे सुटे विकायला ठेवावेत. दहा-वीस रुपयांच्या सांध्यासाठी गिऱ्हाइकाला अख्खा स्टँड नवा घ्यायला लावणं बरोबर नाही. आणि गिऱ्हाइकांनीही नुसता भाव न विचारता आधी जाडी विचारावी.

– एक फॅब्रिकेशन कारागीर, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर