मिस्त्रीमामा, तुमच्या सुतासाठी

मिस्त्रीमामांना सप्रेम नमस्कार,

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. तोंडावर आभार मानले की "असू दे रे" म्हणून तुम्ही विषयच संपवता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

जुळे सोलापुरातल्या आमच्या लेआउटच्या उतारावर पोरं रविवारी ऊन चढायच्या आत स्केटबोर्डवर स्लॅलम करतात. ओळीने मांडलेल्या कोनांमधून, म्हणजे छोट्या शंकूंमधून, डावीउजवीकडे वळत खाली यायचं. नातवाला न्यायला आलात आणि बघतच राहिलात. मग विचारलंत, "दोन कोनांत अंतर किती धरलंय?" "पावलांनी मोजतो," हे ऐकून तुमचा चेहरा काय झाला होता! पुढच्या रविवारी सूत, टेप आणि पाण्याची नळी घेऊनच आलात.

त्या नळीनं तर कमाल केली. दोन टोकांचं पाणी एका पातळीला आणून तुम्ही दाखवलंत, की रस्ता मध्यावर गटाराकडे ढळलाय. बोर्ड तिथंच का ओढला जातो, ते तेव्हा कळलं. पोरं बिचारी स्वतःच्या पायांना दोष देत होती.

सरळ स्लॅलमसाठी तुम्ही सूत ताणून दर सहा फुटांवर खूण केलीत. त्यात सगळा खेळ तालाचा. एक कोन वीतभर सरकला की ताल मोडतो. दोघांच्या शर्यतीला शेजारशेजारचे दोन्ही मार्ग हुबेहूब लागतात, आणि कोन रेषेपासून आत-बाहेर असले की ते जुळवणं डोकेदुखीच. तुम्ही त्रिकोणाच्या बाजू तीन-चार-पाच मापाच्या धरून काटकोन टाकून डावीकडचं माप उजवीकडे उतरवलंत. डांबर काही दोन्हीकडे सारखं नसतं, म्हणून दुसऱ्या फेरीत पोरं बाजू बदलतात.

खुणा फक्कीने करायच्या की खडूने, यावरून आपलं वाजलं, ते चालायचंच. भुकटीवर चाकं घसरतात, म्हणून खडू. कोनाच्या बुडाभोवतीची गोल खूण मात्र तुम्हाला लगेच पटली. कोन जागेवर परत ठेवायला ती लागते, आणि निकालालाही. कोन आडवा झाला किंवा खुणेच्या पूर्ण बाहेर गेला तर स्पर्धेत ०.१ सेकंदाचा दंड. नुसता हलला तर माफ. आता भांडण झालं की पोरं माझ्याकडे येतच नाहीत, थेट तुमच्याकडे. नातवालाही तुम्ही सोडत नाही, याचा त्याला राग आहे, पण तो बोलत नाही.

मार्ग दर रविवारी तोच असतो, त्यामुळे स्टॉपवॉचवरच्या आकड्याला अर्थ आलाय. आधीच्या आठवड्यापेक्षा कमी वेळ लागला, तर तो खरंच कमी.

आता जायंट स्लॅलम मांडायचाय. कोन लांबलांब, वेग जास्त, म्हणून खाली थांबायला मोकळा रस्ताही भरपूर हवा. तो किती सोडायचा, हे उतार मोजल्याशिवाय ठरवत नाही. या रविवारी नळी आणा. खराटा मारून खडी मी आधीच काढून ठेवतो, आणि तुमच्या गुडघ्यासाठी खुर्चीही.

तुमचा,
कोनवाला मास्तर