अलिना शापोच्निकोव: एका शिल्पकर्तीविषयी मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

प्लास्टर, ब्राँझ, संगमरवर, रेझिन (ओतून घट्ट करता येणारे कृत्रिम राळेसारखे द्रव्य) अशा सगळ्याच माध्यमांत हात घालणाऱ्या शिल्पकाराची स्वतःची म्हणून काही ओळख उरते का, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. त्या प्रश्नाने मला थेट अलिना शापोच्निकोव या पोलिश शिल्पकर्तीची आठवण करून दिली. गेले काही महिने मी तिच्या कामात बुडून गेलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिचा जन्म 1926 साली पोलंडमधील कालिश येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील दंतवैद्य होते, आई बालरोगतज्ज्ञ. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. पाब्यानित्से आणि वूच येथील ज्यूंसाठीच्या बंदिस्त वस्त्यांत कोंडलेपण भोगून ती आईबरोबर आउश्वित्झ, बेर्गेन-बेल्सन आणि शेवटी तेरेझिन अशा नाझी छावण्यांत पोहोचली. आईच्या हाताखाली रुग्णांची शुश्रूषा करत ती जगली. पण त्या वर्षांविषयी पुढे ती उघडपणे जवळजवळ कधीच बोलली नाही. युद्धानंतर प्राग आणि पॅरिस येथे तिने शिल्पकलेचे शिक्षण घेतले. 1951 मध्ये ती पोलंडला परतली आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे सरकारी स्मारकांची कामेही तिने केली. 1956 चे ‘अवघड वय’ हे वयात येणाऱ्या मुलीचे उभे शिल्प मात्र कोणत्याही घोषणेच्या सेवेला जुंपलेले नाही, आणि म्हणूनच ते मला तिच्या सुरुवातीच्या कामांत सर्वांत मोलाचे वाटते.

खरे वळण 1962 मध्ये आले. त्या वर्षी तिने स्वतःच्याच पायाचा प्लास्टरमध्ये साचा काढला आणि तो पाय शिल्प म्हणून मांडला. जिवंत देहावरून साचा काढणे ही आपल्याकडे पूर्वतयारीची गोष्ट समजली जाते; तिने त्या पूर्वतयारीलाच कलाकृतीचा मान दिला. 1963 मध्ये ती पॅरिसला स्थायिक झाली आणि तेथे पॉलिएस्टर रेझिन तिच्या हाती लागले. हार्डनर (घट्ट करणारे रसायन) मिसळताच मिश्रण आतून तापू लागते, थोड्याच वेळात घट्ट होते, आणि रंग घातला तरी प्रकाश आरपार जाऊ शकतो, हे तुला मी सांगायला नको. या गुणाचा तिने असा उपयोग केला की, ओठांचे साचे काढून ते रंगीत रेझिनमध्ये ओतले, रेझिनच्याच उंच देठावर बसवले आणि आत विजेचा दिवा लावला. पेटलेला दिवा पाहताना ओठांची कातडी उजेडाने भरून आल्यासारखी दिसते. 1968 मध्ये तिने पोटाचे साचे काढून पॉलियुरेथेन फोमच्या उशा घडवल्या, आणि त्याच वर्षी तोच आकार कितीतरी मोठा करून इटलीतल्या कारारा येथील संगमरवरात कोरला. फोम आणि संगमरवर यांत तिने उच्चनीच मानले नाही. माध्यम सतत बदलत राहिले, विषय मात्र कायम देहच राहिला, आणि तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे.

1969 मध्ये तिला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. त्यानंतर तिने रेझिन, जाळीदार कापड, चुरगळलेले कागद आणि छायाचित्रे एकत्र करून ‘गाठी’ नावाची शिल्पमालिका घडवली. काही गाठींना तर स्वतःचा चेहरा दिला. मुलगा प्योत्र याच्या देहाचे साचे तिने सपाट करून, वाळवून जपलेल्या वनस्पतींप्रमाणे फळीवर लावले. पुष्कळ अभ्यासक तिचे सगळे काम आजाराच्या आणि छावणीच्या चष्म्यातून पाहतात. मला ते मान्य नाही. पाय 1962 चा आहे, ओठांचे दिवे आजारपणाच्या काही वर्षे आधीचे आहेत, आणि त्यांत सुखाचा, खोडकरपणाचा भाग मोठा आहे.

1971 ची छायाचित्र-शिल्पे तू अवश्य पाहा. गुलाबी पोर्तुगीज संगमरवरातील रोल्स-रॉइस गाडी तासन् तास घासून थकल्यावर ती च्युइंगगम चघळत बसली होती, आणि तोंडातून निघणारे विलक्षण आकार पाहून तिला जाणवले की आपल्याच दातांनी नकळत शिल्पे घडत आहेत. चघळलेले ते गोळे कठड्यावर ठेवून तिचे पती, ग्राफिक डिझायनर रोमान चेश्लेविच, यांनी त्यांची छायाचित्रे काढली. त्या काळ्यापांढऱ्या चित्रांत लाळेने चकाकणारा, ताणून लोंबणारा गोळा एखाद्या स्मारकाएवढा भव्य वाटतो.

2 मार्च 1973 रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, तिचे फ्रान्समध्ये निधन झाले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तिचे मोठे प्रदर्शन भरायला 2012 साल उजाडावे लागले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तू स्वतः रेझिनमध्ये काम केले आहेस, म्हणून एक विचारतो. रेझिन काळाबरोबर पिवळे पडते आणि फोमचा तर भुगा होऊ लागतो. अशा वेळी संग्रहालयाने मूळ तुकडा जसा झिजेल तसा राहू द्यावा की त्यावर उपचार करावेत? सवडीने पण सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव