खाऱ्या वाऱ्यात पत्रा टिकत नाही

महोदय,

आम्ही पंचवटीत राहतो; वडिलोपार्जित घर गुहागरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. माकडांच्या उच्छादाला कंटाळून मंगलोरी कौले उतरवली आणि नाशिकहून जस्ताचा पत्रा नेला. इथे आमच्या गोठ्यावर तसलाच पत्रा 20 वर्षे शाबूत आहे. तिथे चौथ्या पावसाळ्यात स्क्रूच्या डोक्याभोवती आणि कापलेल्या कडांना गंज धरला, बोट लावले की पापुद्रे हातात! शिवाय पहाटे पत्र्याला आतून घाम सुटायचा, थेंब अंथरुणावर. कौलांच्या फटींतून हवा तरी खेळायची. कोकणात पत्रा नेणाऱ्यांना दुकानदार हे आधी का सांगत नाहीत?

यंदा एप्रिलमध्ये रिपा बदलून पुन्हा कौलेच चढवली, खिळे स्टेनलेस स्टीलचे. आईने जुनी कौले परसात रचून ठेवली होती, म्हणून निभावले. माकडेही परतली आहेत.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक